टापूवरच्या सिस्टरबाई

"टेकलं का?"

डोंगीत बसल्यापासून उतरेपर्यंत सिस्टरबाई डोळे मिटून असत आणि दर मिनिटाला एवढंच विचारत. डोंगी वल्हवणारा फिरतू तितक्याच शांतपणे म्हणे, "झन डर्राव बाई, अभी आधा हे." घाबरू नका म्हटलं की त्या जास्तच घाबरत आणि मांडीवरचा लसींचा निळा डबा आणखी घट्ट धरत. पाणी इतकं स्थिर असायचं, की वरून पान पडलं तरी वर्तुळ उठताना दिसे. तरी बाईंच्या कपाळावर घाम.

डोंगीचं टोक चिखलात रुतलं की फिरतू सांगे, "टेक गे." मग त्या डोळे उघडत. एक पाय खाली ठेवत, जमीन खरंच आहे ना हे बघत, मग दुसरा उचलत. आणि पुढच्या क्षणी वेगळ्याच बाई. कमरेवर हात, आवाज खणखणीत, तोंडात छत्तीसगढी. "काखर लइका छूट गे हे? लानव!" कुणाचं मूल टोचायचं राहिलंय, घेऊन या. लपलेली पोरं आपोआप बाहेर निघत.

अशा बाया तुम्हीही पाहिल्या असतील. ज्याची सगळ्यात जास्त भीती, नेमकं तेच काम वाट्याला आलेल्या, आणि ते न चुकता करणाऱ्या.

हा टापू म्हणजे रायपूरहून अडीच तासांवरच्या एका धरणातलं बेट. धरण भरलं तेव्हा एका टेकडीचा माथा पाण्याबाहेर राहिला, आणि ज्यांची शेतं बुडाली त्यांतली बावीस घरं त्या माथ्यावरच राहिली. मासे धरायचे, उतारावर काकड्या लावायच्या. बाजार, रेशन, शाळा, दवाखाना, सगळं पलीकडच्या काठाला. त्या काठावरच्या उपकेंद्रात सिस्टरबाई नर्स होत्या आणि दर गुरुवारी टापूवर जात.

माझी त्यांची ओळख झाली ती बसमध्ये. तेव्हा राज्य नवंनवं झालं होतं. रायपूर राजधानी झालं होतं आणि शहरात ज्याला त्याला कशाचा तरी नकाशा हवा होता. मी समता कॉलोनीत, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, नकाशे काढणाऱ्या छोट्या कंपनीत कामाला होते. खालून दात कोरायचं मशीन घरघरायचं आणि वर आम्ही बागा, बंगले, तलाव आखत बसायचो. धरणाच्या काठावर पर्यटन केंद्र करायचं काम आमच्याकडे आलं, आणि मोजणीसाठी मला पहाटेच्या बसनं पाठवलं.

शेजारी पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. ड्रायव्हरनं ब्रेक मारला की पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरत. मी मराठीत पुटपुटले तसं त्यांनी चमकून पाहिलं.

"मराठी हाव का तुमी? कुठच्या?"

"तात्यापारा."

"अवो बाई! आमीबी तात्यापाराच. दोन गल्ल्या सोडून. कोणाची पोट्टी तू?"

ओळख निघाली. त्यांचे यजमान रेल्वेत गार्ड, मूळ घर विदर्भातलं. आठवडाभर त्या उपकेंद्रात राहत, शनिवारी संध्याकाळी घरी येत, सोमवारी पहिल्या बसनं परत. धरण येईपर्यंत त्यांनी मला तीन वेळा विचारलं, की मी घराबाहेर पडताना गॅसचं बटण पाहिलं होतं का.

काळजी हा त्यांचा स्वभावच होता. पिशवीत दोन बॅटऱ्या, कारण एक बंद पडली तर? दोन छत्र्या, कारण दुसऱ्या कुणाजवळ नसली तर? रविवारी मी त्यांच्या घरी गेले की त्या मला आधी आत घेत, मग कडी लावत, मग कडी ओढून बघत. पुढच्या खोलीत बुद्धाची लहानशी मूर्ती होती. तीसुद्धा त्यांनी फळीच्या काठापासून आत, भिंतीला टेकवून ठेवलेली. त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी वैतागायची. "मम्मी, बस भी करो. कुछ नहीं होता."

"होत नाही तवरच बरं आहे," बाई म्हणत आणि पुन्हा कडी बघत.

मी हसायचे. खरं सांगायचं तर त्या काळात मी त्यांच्या काळजीला बरीच हसले.

आमचा नकाशा तयार झाला. एका रविवारी मी तो कौतुकानं त्यांच्या घरी नेला. काठावर पर्यटकांच्या खोल्या, उपाहारगृह, पोहण्याचा किनारा, बोटींचा धक्का. समोर पाण्यात गर्द हिरवा टापू. बाईंनी चष्मा लावला, नकाशावर बोट फिरवलं आणि ते टापूवर थांबलं.

"हे घरं कुठी गेले?"

"नकाशात तेवढा भाग हिरवा दाखवलाय. पाहुण्यांना समोर झाडी दिसावी म्हणून."

"झाडी त दिसू दे. पण लोकं?"

मी म्हटलं, हा फक्त नकाशा आहे, लोक आहेत तिथंच राहणार. त्यांनी चष्मा काढला नाही. बोट काठाकडे आणलं.

"आन् आपला घाट? जिथी डोंगी टेकते तो?"

तिथं मी पोहण्याचा किनारा काढला होता. उतार सौम्य, तळ वाळूचा. म्हणूनच डोंग्या तिथं टेकत, आणि म्हणूनच आमच्या कंपनीच्या साहेबांना ती जागा आवडली होती.

केंद्र सुरू झालं तेव्हा टापूवर आनंदच होता, हेही सांगायला हवं. बायका भाजलेली कणसं आणि काकड्या विकू लागल्या. गवताच्या जागी पत्रे आले. फिरतूनं डोंगी जावयाकडे दिली आणि स्वतः केशरी जॅकेट घालून पर्यटकांच्या मोटरबोटीवर लागला. तो मला धक्क्यावर भेटला तर सलाम ठोकून "वेलकम मैडम" म्हणाला आणि स्वतःच लाजून हसला. संध्याकाळी काही पोरी पाहुण्यांसमोर नाचायला जाऊ लागल्या. शनिवार-रविवारी रायपूरच्या गाड्यांची रांग लागे.

मग ती बोट आली.

कुणीतरी बाहेरून आणली होती. तिच्या पोटात टाक्या होत्या. त्यांत पाणी भरलं की बोट मागून खाली बसे आणि चालू लागली की मागे कमरेएवढी लाट उठे. त्या लाटेवर फळी टाकून माणूस उभा राही. समुद्रकाठी करतात तोच खेळ, फक्त इथं लाट बोट तयार करी. रायपूरच्या चौकात पाटी लागली, आता सर्फिंगसाठी समुद्रावर जायची गरज नाही. पाटी बघायला मीही थांबले होते. मला अभिमान वाटला होता.

त्या शनिवारी बाई घरी न जाता थेट माझ्याकडे आल्या. पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"लाट बनवून राहिले वं ते! लाट! इथं लाट नव्हती म्हणून तर मी जात होती."

त्यांचा चेहरा बघून मला हसू आलंच नाही. डोंगीचा काठ पाण्यावर वीतभर असतो. लाट आली की पाणी आत. पोहणाऱ्यांसाठी घाट दोरी लावून बंद केलेला. डोंग्यांना सांगितलं होतं, की टापूला मागून वळसा घाला आणि दोन किलोमीटर खालच्या काठाला लागा. मागची बाजू म्हणजे उघडं पाणी. पंधरा मिनिटांचा रस्ता दीड तासाचा झाला, तोही वारा पडलेला असेल तर.

"तुम्ही कशा गेलात मग, गुरुवारी?"

"गेली. मागून गेली. डोळे मिटून बसली त वांती झाली, उघडून बसली त पाणीच पाणी." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "माह्यं सोड. बाया यायच्या बंद झाल्या. तीन पोटुशा बाया आहेत टापूवर, तपासायला एकबी आली नाही. फिरतूची पोरगी, दुलारी, पयलटकरीण आहे. पाय सुजले तिचे. तिले कशी आणू मी मागून?"

मी त्यांच्या हातातली पिशवी घेऊन खाली ठेवली.

"तू त्या नकाशात आपला घाट दाखव. एक दोरीभर जागा. साहेबाले सांगजो."

मी हो म्हटलं. सोमवारी ऑफिसात जाऊन पुढच्या नकाशावर पेन्सिलनं घाट आखला, शेजारी लिहिलं, 'डोंगी'. दुपारी साहेब मागे येऊन उभे राहिले. "ये क्या है?" मी सांगितलं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "पार्टी नाराज़ होगी. अभी रहने दो." आणि तिथंच उभे राहिले. मी खोडरबर घेतला.

पुढच्या रविवारी बाईंनी विचारलं, "दाखवला का?" मी म्हटलं, "पुढच्या बैठकीत ठरणार आहे." त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात मला नको होता.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका शनिवारी, त्या रायपूरला आल्याच नाहीत. मुलीनं सांगितलं, "फोन आया था. किसी की डिलीवरी है, टापू पे ही रुकेंगी." दुसऱ्या दिवशी, रविवारी, मलाही धरणावर जायचं होतं. कुणी मोठे पाहुणे येणार होते आणि साहेबांना नकाशे हातात धरायला माणूस हवं होतं.

काठावर जत्रा होती. गाणी, छत्र्या, दोरीच्या आत डुंबणारी माणसं. ती बोट फेऱ्या घालत होती, फळीवरचा माणूस पडला की सगळे ओरडत, उठला की टाळ्या. मी बगलेत नकाशांची नळी धरून उभी होते आणि सारखी टापूकडे बघत होते.

काय झालं होतं ते मला नंतर कळलं. दुलारीला पहाटेपासून कळा होत्या. पाय सुजलेले, डोकं दुखतंय, बीपी चढत चाललेलं. बाईंनी सकाळीच तिच्या नवऱ्याला धक्क्यावर पाठवलं, एक मोटरबोट द्या म्हणून. उत्तर मिळालं, आज रविवार आहे, सगळ्या बोटी बुक आहेत, चारनंतर बघू. फिरतू तेव्हा पाहुण्यांना घेऊन फेरीवर होता. त्याला कुणी सांगितलंच नाही. बाईंनी बारा वाजेपर्यंत वाट पाहिली. मागून गेलं तर दीड तास, समोरून गेलं तर पंधरा मिनिटं. त्यांनी समोरचा रस्ता घेतला.

मला आधी दिसली ती छत्री. टापूच्या बाजूनं एक डोंगी येत होती. जावई वल्हवत होता, तळाशी कुणीतरी आडवं होतं, आणि मध्ये सिस्टरबाई उभ्या होत्या. उभ्या! डोळे सताड उघडे. काळी छत्री दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरून हलवत होत्या, थांबा, थांबा.

बोटीवाल्याला दिसलं नसेल. गाण्यात ऐकू तर येणारच नव्हतं. बोट वळली आणि तिच्यामागून ती लाट डोंगीकडे सरकू लागली.

मी धावत बोटींवर लक्ष ठेवणाऱ्या शिट्टीवाल्याकडे गेले. "बोट रोको! उसमें पेशंट है!"

"राउंड पूरा होने दीजिए, मैडम."

"अरे, डोंगी बुडेल!" मी मराठीत किंचाळले. पहिली लाट डोंगीखालून गेली. दुसरी आत शिरली. बाई खाली बसल्या, दुलारीचं डोकं मांडीवर घेतलं. डोंगी जड झाली, एका बाजूला कलली.

तेवढ्यात धक्क्याकडून येणारी एक मोटरबोट एकदम तिरपी वळली. फिरतूची. आत चार पाहुणे, त्यांच्या हातात सरबताचे ग्लास. त्यानं डोंगीत कोण आहे ते ओळखलं होतं. त्यानं बोट सरळ लाटेच्या आणि डोंगीच्या मधे आडवी घातली. तिसरी लाट त्याच्या बोटीवर फुटली, पाहुणे ओरडले, ग्लास पाण्यात गेले. चौथीही त्यानं तशीच अंगावर घेतली. मग कुठे ती मोठी बोट थांबली.

पण डोंगीत पाणी भरतच होतं. काठ अजून तीसेक पावलं दूर. जावयानं पाण्यात उडी टाकली आणि डोंगीला मागून धरलं. एकट्यानं ती हलेना. आणि मी पाहिलं, सिस्टरबाईंनी दुलारीचं डोकं डोंगीतल्या पिशवीवर ठेवलं, पदर खोचला, एक पाय काठाबाहेर टाकला. खाली किती पाणी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. या वेळी त्यांनी पायानं चाचपून पाहिलं नाही. गेल्या. छातीपर्यंत पाणी. तोंड आकाशाकडे, डोंगीला खांदा, आणि मोठमोठ्यानं, "चल बेटी, चल बेटी," हे दुलारीला म्हणत होत्या की स्वतःला, कोण जाणे.

तेव्हा मीही दोरीखालून आत शिरले. पोहणाऱ्यांतले दोघे जण आले. आम्ही डोंगीचं टोक धरून ओढलं.

उपकेंद्रापर्यंत न्यायला वेळच उरला नव्हता. किनाऱ्यावर पर्यटकांची कपडे बदलायची खोली होती. बाईंनी आतल्या बायकांना बाहेर काढलं, मला म्हणाल्या, "दार धर आन् टावेल आण, सगळे आण." अंगावरून पाणी निथळत होतं, दात वाजत होते, पण हात जागच्या जागी. बाहेर कुणीतरी गाणी बंद केली होती. दाराशी फिरतू केशरी जॅकेटात उकिडवा बसला होता आणि दोन्ही हातांनी कान झाकून घेतले होते. अर्ध्या तासानं मुलगी झाली. रडायला तिनं वेळ घेतला. तेवढ्या वेळात मी जे काही मनात कबूल केलं, ते मलाच माहीत.

दुलारीला जीपनं मोठ्या दवाखान्यात नेलं. दोघी वाचल्या.

बाई जीपमध्ये बसताना माझ्याकडे वळल्या. "नकाशात घाट दाखवला होता नं तू?"

मी मान खाली घातली. त्या ओल्या लुगड्यातच पेशंटचं सलाईन हातात धरून बसल्या.

आठ दिवसांनी रायपुरात चौकशी लागली. तक्रार बाईंविरुद्ध होती, की बंदी असलेल्या भागात डोंगी घुसवून पाहुण्यांचा जीव धोक्यात घातला. फिरतूचं काम तर त्याच संध्याकाळी गेलं होतं. साहेबांनी मला आधीच बजावलं, "तुम बस नक्शा दिखाना. जो छपा है वही."

चौकशीच्या खोलीबाहेर बाकावर बाई बसल्या होत्या. पिशवी मांडीवर, डोळे मिटलेले.

"मी चुकली का वं?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं. "डोंगी पालटी झाली असती त? दोन जीव होते. माह्या जिवाचं काही नाही. पण मले रात्रंदिवस तेच दिसून राहिलं."

"तुम्ही नाही चुकलात," मी म्हटलं.

आत मला विचारलं, त्या जागी आधी घाट होता, याचा काही पुरावा आहे का? साहेबांनी छापील नकाशा पुढे केला. मी नळीतून दुसरा कागद काढला. मोजणीच्या पहिल्या दिवशी मी स्वतः आखलेला. त्यावर बावीस घरं होती, घाट होता, टापूपासून घाटापर्यंत डोंगीच्या वाटेची तुटक रेघ होती. खाली माझी सही. नळीत गुंडाळून राहिलेला कागद टेबलावर सपाट होईना. शेवटी समोरच्या अधिकाऱ्यानंच त्यावर पेपरवेट ठेवला.

महिन्याभरात मला दुसरं काम शोधावं लागलं.

निकाल अर्धामुर्धा लागला. दोरी बाजूला सरकवली आणि घाटाची पट्टी डोंग्यांना मोकळी झाली. लाटांची बोट धरणाच्या भिंतीकडच्या बाजूला नेली. तक्रार मागे घेतली गेली. आणि त्याच आठवड्यात बाईंची बदली झाली, रायपूरलाच, भनपुरीच्या दवाखान्यात. ट्रकांचा धूर, कारखान्यांचे भोंगे आणि पाणी म्हणाल तर नळाचं.

सगळे म्हणाले, सुटलात. त्याही हो म्हणत. पण गुरुवार आला की त्यांना करमत नसे. "आज टापूवर कोण गेलं असंन?" नवी नर्स जात नाही, लोकांनाच काठावर बोलावते, हे त्यांना कळलं होतं. हळूहळू टापूवरची निम्मी घरं पाहुण्यांना राहायला दिली गेली आणि माणसं काठावर, शहरात पांगली. फिरतू पुन्हा डोंगी चालवू लागला, पण त्याला मासे कमी आणि फोटो काढणारे जास्त मिळत. मी या बातम्या थोड्या गोड करून बाईंना सांगायचे. त्या ओळखत.

"खरं सांगत जाय वं," म्हणत. "काळजीची मले सवय आहे."

निवृत्तीनंतर दोन वर्षांत त्या गेल्या. दोन दिवसांचा ताप, तिसऱ्या दिवशी सकाळी संपलं.

चार-पाच दिवसांनी दुपारी मी त्यांच्या घरी बसले होते. गल्लीत गलका ऐकू आला. बाहेर आले तर दहा-अकरा माणसं दारोदार विचारत चालली होती. बायकांच्या डोक्यावर पदर, हातात काकड्यांची टोपली. पुढे फिरतू, केस पांढरे झालेले. "सूई वाली बाई के घर कोन हरे?" तो विचारत होता आणि गल्लीतल्या लोकांना कळत नव्हतं. गल्ली बाईंना ज्या नावानं ओळखे, ते टापूवरच्या कुणालाच माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत कधी लागलंच नव्हतं.

मी हाक मारली. ते आत आले, भिंतीला टेकून ओळीनं बसले. दुलारीच्या मांडीशी सात-आठ वर्षांची एक मुलगी होती. बाईंची मुलगी दारात उभी होती. तिनं हळूच मला विचारलं, "ये लोग कौन हैं?" मी सांगू लागले आणि सांगताना कुठून सुरुवात करावी ते मला कळेना.

बसची वेळ झाली तसा फिरतू उठला. दाराशी थांबून त्यानं हात जोडले आणि मला बाईंचं नाव विचारलं.

मी सांगितलं. त्यानं ते सावकाश, जीभ सांभाळत, दोनदा म्हणून पाहिलं. मग मागे वळून बाकीच्यांना सांगितलं. त्या सगळ्यांनी, त्या लहान मुलीनंही, एकेकदा ते नाव घेतलं आणि मग ते गल्लीतून चालू लागले.